साक्रीला जाऊन आलो, मोहिमेची तारीख राहिली

पुढच्या उन्हाळ्यात लडाखमधलं सात हजार मीटरचं शिखर गाठायचं, हे माझ्यापुरतं पक्कं होतं. दोराला जोडीदार हवा होता, म्हणून श्रावणातल्या एका शुक्रवारी भूषणला विचारायला जळगावहून साक्रीला निघालो. अशी मोहीम आखणाऱ्यांना आधीच सांगतो: बूट, तंबू, परवानग्या, सगळं जमतं. माणसं जमवताना जीव मेटाकुटीला येतो.

मेहरूणहून रिक्षाने स्टँड, तिथून धुळ्याची एसटी. पारोळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना कपाशी, खिडकीची जागा मिळाली तर प्रवास बरा होतो. धुळ्यात गाडी बदलायच्या आधी शेवभाजी खाऊन घ्या, तिथे स्वस्त आणि झणझणीत मिळते. मी मात्र ताट तसंच ठेवून उठलो. भूषणच्या आईसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं? गेल्या वर्षी याच शिखराच्या वाटेवर तिचा थोरला, दिनेश, बर्फाच्या भेगेत पडला. आम्ही खूप शोधलं. सापडला नाही.

साक्रीत पोहोचलो तर घरात रविवारच्या कानबाई देवीच्या सणाची तयारी चाललेली. आमच्या खानदेशात तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. भूषणची आई, अक्का, सूप पुढे घेऊन बसली होती. नवऱ्याची मूठ झाली, भूषणची झाली. मग “दिनेशनी” म्हणत तिने पुन्हा हात घातला.

तिची जाऊ हळूच म्हणाली, “अक्का, गेलेल्यानी मूठ काढतस नही.”

“गया म्हने. कोनी देखं?” अक्काने गहू सुपात टाकले आणि माझ्याकडे पाहिलं. “तो तठे एकलाच शे, भाऊ. तुम्ही जाईच ऱ्हायनात, ते त्याले घर लई या.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? त्या भेगेवर आता वर्षभराचा बर्फ आहे. तिथे कुणी उतरू शकत नाही. मी तर शिखरासाठी माणूस मागायला आलो होतो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

भूषण स्टँडवर सोडायला आला. एसटी लागायच्या आत धीर करून म्हणालो, “भूषण, दिनेश सापडणार नाही.”

“माले माहीत शे,” तो म्हणाला. “अक्काले सांगू नका. कोनीतरी त्याले आनाले जाई ऱ्हायनं, येवढ्यावरच ती जगी ऱ्हायनी.”

“मग तू येतोस?”

“तुम्ही म्हनशात तवय.”

जोडीदार मिळाला. ज्यासाठी गेलो ते काम झालं म्हणायचं.

घरी येऊन आठवडा झाला. नकाशा टेबलावर पडून आहे. मोहीम रद्द केली, तर अक्काचा मुलगा कायमचा तिथेच राहिला असं तिला सांगावं लागेल. गेलो, तर वाट त्याच भेगेवरून जाते, आणि आम्ही रिकाम्या हातांनी उतरू त्या दिवशी अक्काकडे काहीच उरणार नाही. भूषण रोज फोन करून तारीख विचारतो. मी म्हणतो, तयारी चालू आहे.