कपाटापलीकडच्या तुरकर मॅडम

फोन वाजला तेव्हा मी लाखोरीची डाळ वाटत होते. आदल्या संध्याकाळीच तुरकर मॅडमनी बजावलं होतं, डाळ अगदी बारीक वाटू नका, वडे चिवट होतात, जरा भरड ठेवा... सकाळी त्यांच्याच नंबरवरून फोन आला म्हणून हात न पुसताच उचलला आणि म्हणाले, "हो हो, भरडच ठेवली आहे." पलीकडे त्यांच्या शेजारच्या बाई होत्या. "मॅडम, फोनात तुमचाच नंबर पहिले दिसला म्हून तुमाले लावला. तुरकर मॅडम दरवाजा खोलत नोयत्या, मंग आमच्या मालकानं मागून जाऊन पायलं..." पुढचं ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. डाळीची परात तशीच ओट्यावर ठेवून मी आमगावहून गोंदियाची गाडी पकडली. गाडीत खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं, की ही बातमी फोन करून सांगावी असं माझं एकच माणूस होतं, आणि ते आता फोन उचलणार नव्हतं.

कौशल्या तुरकर आमच्या छोट्या कॉलेजात क्रीडा संचालक होत्या. मी तिथे मानसशास्त्र शिकवते आणि विद्यार्थी समुपदेशन कक्षही सांभाळते. कक्ष म्हणायचं एवढंच. वेगळी खोली नव्हती, म्हणून प्राचार्यांनी क्रीडा विभागाच्या खोलीत मधोमध एक लोखंडी कपाट आडवं लावून दिलं. पलीकडे भाले, गोळे, गुंडाळलेल्या मॅट आणि सांध्यांना चोळायच्या मलमाचा वास. अलीकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. सांगलीकडून नोकरीसाठी आले ती एकटीच आले होते. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी माझ्यासमोर बसून रडत होती, तर कपाटामागून आवाज आला, "काऊन रडून राहिली वो? चप्पल काढ अन् ग्राउंडचे चार राउंड मारून ये." मुलगी घाबरून उठली आणि खरंच मैदानाकडे निघून गेली. मी संतापून पलीकडे गेले. मॅडम शांतपणे व्हॉलीबॉलमध्ये हवा भरत होत्या. "सांगलीवाल्या मॅडम, रडू सगळ्यालेच येते. धावाले सगळ्यालेच येत नाही," त्या म्हणाल्या. तिथून आमचं भांडण सुरू झालं आणि भांडता भांडताच मैत्री झाली.

उंच, सावळ्या, रुंद खांद्यांच्या. कॉटनची साडी, पायांत बूट आणि गळ्यात शिट्टी. पोवार समाजातल्या खात्यापित्या घरातल्या, भावांची धानाची शेती. लग्न का केलं नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "लग्नाच्या वयात मी गोळा फेकून राहिली होती. पाहाले आलेले लोक पळूनच गेले." आणि स्वतःच मोठ्याने हसल्या. रविवारी दुपारी मात्र त्यांची स्कूटी माझ्या भाड्याच्या खोलीसमोर थांबायची. "घरात बसून का करता? चला बाजारात." बाजारात आम्हाला फारसं काही घ्यायचं नसे. दोन बायका, दोन पिशव्या, घरी खाणारं कोणी नाही... वांगी पाव किलोच्या वर कधी घेतली नाहीत. पण मॅडम प्रत्येक भाजीवालीशी भाव करत आणि मधेच एखाद्या पोरीला ओळखून, "प्रॅक्टिसले काऊन नाही आली?" म्हणून तिथेच झापत.

त्यांचं मुलींवर प्रेम होतं, पण ते ऐकून घेणारं नव्हतं. हे त्यांना कळलं ते दुर्गाच्या वेळी. दुर्गा मूळची केशोरीची, आमगावला मामाकडे राहून शिकणारी. आठशे मीटरला तिच्यासारखी मुलगी आमच्या कॉलेजात आधी आली नव्हती. पाऊस संपून मैदान कोरडं झालं, पलीकडच्या भातशेतांच्या बांध्यांतलं धान पिवळं पडायला लागलं की विद्यापीठाच्या स्पर्धांची तयारी सुरू व्हायची. त्या वर्षी दुर्गा हाडं दुखतात म्हणायला लागली. माझ्याकडे येऊनही तिने सांगितलं. मी मॅडमना म्हटलं, तिला डॉक्टरला दाखवूया. "स्पर्धा जवळ आली का सगळ्याइचेच हाडं दुखतात," त्या म्हणाल्या आणि मैदानावर सगळ्यांसमोर दुर्गाला नाटकवाली म्हणाल्या. दुर्गा चिडून धावली. उन्हातच धावली, आणि शेवटच्या वळणावर मातीत कोसळली. वेदनेने ती अशी ओरडत होती, की बांधीत कापणी करणाऱ्या बायका विळे टाकून धावत आल्या.

गोंदियाच्या दवाखान्यात कळलं, तिला सिकलसेल आहे. या भागात हा रक्ताचा आजार घरोघरी ऐकायला मिळतो. ताकदीबाहेर कष्ट झाले, शरीरातलं पाणी कमी झालं, की रक्तवाहिन्या तुंबतात आणि दुखणं उसळतं. मुलगी वाचली. मॅडम वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होत्या. मी चहा आणला, तो त्यांनी हातात धरून ठेवला. तो निवला तेव्हा म्हणाल्या, "ती तुमाले सांगत होती. मी कपाटाच्या पलीकडूनच आयकत होती, मॅडम. सगळं आयकत होती." एवढा मोठा देह, पण त्या बाकावर तो अगदी लहान दिसत होता.

दुर्गा बरी होऊन घरी गेल्यावर तिचे वडील कॉलेजात आले. मुलीला असं धावायला लावल्याचा राग होताच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. "अख्ख्या गावात बोभाटा होईल. उद्या हिच्यासंग लगन कोन करन?" ते ओरडत होते. "आता घरीच बसन पोरगी." मॅडम उठून उभ्या राहिल्या. "दोष माझा होय, भाऊ. मले का म्हणाचं ते म्हणा. पण तिले घरी नका बसवू. तिचं नाव या खोलीच्या बाहेर जाणार नाही." त्या हात जोडून उभ्या होत्या. त्यांना कोणापुढे हात जोडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. वडील खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि मग रडायला लागले. त्या दिवशी कोणी कोणाला राउंड मारायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या साडी खोचूनच. "धरा एका बाजूनं," म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी ते कपाट सरकवत भिंतीला लावलं. तिथून पुढे दरवर्षी सराव सुरू होण्याआधी सगळ्या मुलींची रक्ततपासणी व्हायची, आणि प्रत्येक मुलगी मैदानावर जाण्याआधी माझ्यासमोर बसून जायची. दुर्गा परत आली. तिचं धावणं मात्र बंद झालं होतं. मॅडमनी तिच्यासमोर स्टॉपवॉच ठेवलं आणि म्हणाल्या, संघाबरोबर सगळीकडे यायचं, धावणाऱ्यांची वेळ घ्यायची. दुर्गाने ते मागे ढकललं. "मले घड्याळ नाही धराचं, मॅडम. मले धावाचं आहे." मॅडमच्या तोंडून एवढंच निघालं, "मले मालूम आहे." बरेच दिवस ते घड्याळ टेबलावर पडून होतं. मग एका सकाळी दुर्गाने ते आपणहून उचललं आणि ती मैदानाकडे गेली. मॅडमकडे तिने पाहिलंही नाही. बी.ए. होईपर्यंत ती संघाबरोबर फिरली. नंतर राजनांदगावला नोकरीला गेली. मनातला राग गेला होता की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही.

अशा किती मुली गेल्या... कोणी पोलिसात, कोणी बालाघाटकडे लग्न होऊन, कोणी नुसत्याच दिसेनाशा झाल्या. "आपलं घर दर तीन वर्षानं खाली होते," मॅडम म्हणायच्या. निवृत्तीनंतर त्या गोंदियाजवळ फुलचूरला राहायला गेल्या. सुरुवातीला काही महिने पहाटेच्या गाडीने आमगावला येत आणि मैदानाच्या कडेला उभ्या राहत. त्यांच्या जागी आलेले सर तरुण होते, त्यांना मान द्यायचे. पण मुली दोघांच्याही तोंडाकडे बघायच्या. एक दिवस मॅडम यायच्या बंद झाल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "दोन शिट्ट्या झाल्या का पोरी बावचळतात." मग आमचं बोलणं संध्याकाळी फोनवर. काय जेवलात, पाऊस किती झाला, सरांनी रिलेत कोणाला घेतलं. असाच एकदा त्यांचा फोन अवेळी, भर तासाला आला. "दुर्गानं फोन केला होता. चांगली आहे म्हणते. रोज सकाळी पायी फिरते म्हणते, घड्याळ लावून." त्यांनी फोन ठेवला. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात तशीच उभी राहिले.

तेरवीला माणसं आली, जेवली, गेली. काही जुन्या मुलींनी फोनवर मॅडमचा फोटो मागवून घेतला. त्यानंतर काही दिवसांनी मॅडमच्या भाच्याने मला फुलचूरला बोलावलं. घर रिकामं करायचं होतं, काही हवं असेल तर घेऊन जा म्हणाला. मी त्या घरी गेले की मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरातच जाऊन बसत असे. पुढचा हॉल कायम बंद असायचा. भाच्याने कुलूप काढलं. लांबलचक खोली, एकही खुर्ची नाही, टीव्ही नाही. भिंतीवर बॅगा अडकवायला खुंट्यांची रांग. एका कोपऱ्यात मोठा आरसा. आणि खिडकीशी एकावर एक रचलेल्या गाद्या, प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या, कोऱ्या.

"आत्यानं एवढ्या गाद्या कायले घेऊन ठेवल्या होत्या?" भाच्याने विचारलं.

"मुली येतील म्हणून," मी म्हटलं. "गोंदियात पोलीस भरत्या असतात, परीक्षा असतात, सकाळी लवकर पोचावं लागतं... राहायला कुठे जातील त्या?"

"मंग आल्या होत्या का कोणी?"

मी प्लॅस्टिकवरून हात फिरवला. त्यावर धूळ होती. भाचा टेम्पो बघून येतो म्हणून बाहेर गेला.

मी वरची गादी ओढून खाली घेतली, वेष्टन फाडलं, ती खिडकीखाली अंथरली आणि तिच्यावर आडवी झाले. गादी कडक होती. कोणाच्याच अंगाचा आकार अजून तिला आला नव्हता. बाहेर कोणाच्या तरी अंगणात पोरी दोरीच्या उड्या मारत होत्या, त्यांचे श्वास आणि आकडे ऐकू येत होते. टेम्पो येईपर्यंत मी तिथेच पडून राहिले.