निळे पोर्ट

दुकानात येणारी माणसं बिघडलेला कॉम्प्युटर टेबलावर ठेवतात आणि मोकळी होतात. ती बाई तशी नव्हती. हिवरखेडहून एसटीनं आली, चादरीत बांधलेला कॉम्प्युटरचा कॅबिनेट मांडीवर घेऊन. पन्नाशीची असावी. गावातल्या लग्नांचे व्हिडिओ ती स्वतः कापून जोडायची. त्यासाठी नवा मदरबोर्ड आणून अख्खा कॉम्प्युटर तिनं घरीच उभा केला होता. फक्त पुढचे निळे पोर्ट, व्हिडिओ झपाट्यानं उतरवून घेणारे, चालतच नव्हते.

स्क्रू काढायला मी पेचकस उचलला, तशी तिनं कॅबिनेटवर हात आडवा धरला. "हात नका लावू, भाऊ. मीनं सोता जोडला हाय. चुकलं कुठी, तेवढं सांगा."

मला रागच आला. जुन्या शहरात माझ्या हाताला नाव आहे. तरी तिनं झाकण उघडल्यावर वाकून पाहिलं. त्या पोर्टांची जाड वायर बोर्डावर अर्धवटच बसली होती.

"पिना वाकतीन म्हणून भेल्या तुमी, ताई. सरळ दाबा, हलवू नका."

तिनं पदर खोचला आणि श्वास रोखून दोन्ही अंगठ्यांनी वायर दाबली. कॉम्प्युटर सुरू केला. निळ्या पोर्टात लावलेल्या पेन ड्राइव्हचा दिवा लागला. ती गालात हसली, कॉम्प्युटर बंद केला आणि तीच वायर पुन्हा ओढून काढली.

"चाललं होतं ना! काहून काढली?"

"घरचे म्हणत होते, बाईच्या हातचं हाय, दुकानातच नीट होईन. आता त्यायच्या देखतच लावीन."

चादरीची गाठसुद्धा तिनं मला मारू दिली नाही.