आत्याचे लेख आणि माझी मंजुरी

माझी आत्या शिलाई मशीन दुरुस्त करायची. चाळीस वर्षं एकाच दुकानात, तेलकट बोटांनी. शाळा सातवीतच सुटली, पण मशीनचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायची. तोंडानं फटकळ, एकदा मशीन फार जोरात हाणलं म्हणून गिऱ्हाइकालाच दुकानाबाहेर काढलं होतं. साठीला आली तेव्हा मला म्हणाली, "अरे, हे सगळं माझ्याबरोबर जायला नको. वेबसाइट करून दे. मी लिहिलं की लगेच दिसलं पाहिजे, बाकी काही नको."

मी पडलो वेबसाइटवाला. तीन सीएमएस, म्हणजे साइटवर मजकूर चढवायच्या सिस्टीम, तिच्यापुढे मांडल्या. पहिली अगदी सोपी: लिहा, बटण दाबा, झालं. तिनं तिच्यावरच बोट ठेवलं. पण मला कुठलं राहवतंय! मोठी वर्तमानपत्रं वापरतात तसली मी निवडली. "दोन टाके घालायला अख्खा कारखाना कशाला?" आत्या म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. वर तिला केलं 'लेखक' आणि स्वतःला 'संपादक', म्हणजे मी मंजूर केल्याशिवाय तिचं काही साइटवर दिसणार नाही. का, तर तिच्या हातून काही बिघडू नये. जन्मभर दुसऱ्यांचं बिघडलेलं नीट करणाऱ्या बाईच्या हातून! माझ्या अकलेचं काय सांगावं.

पहिले दोन लेख मी तिच्या शेजारी बसून मंजूर केले. मग माझी नोकरी बदलली. नवा लेख आल्याची सूचना जुन्या ऑफिसच्या ईमेलवर जात राहिली आणि ते माझ्या डोक्यातून साफ गेलं. साइटवर दोनच लेख दिसायचे. मी समजलो, हौस फिटली. घरी सगळे जमले की चिडवायचोसुद्धा, "काय लेखिकाबाई, दमलात वाटतं?"

"बघू, जमेल तसं," एवढंच म्हणायची ती. एरवी अरेला कारे करणारी बाई, पण मला काही खटकलं नाही.

सहा वर्षांनी, परवा, ती सिस्टीम बंद होणार म्हणून मजकूर हलवायला बसलो. 'मंजुरीच्या प्रतीक्षेत: सदतीस.' 'धागा सारखा का तुटतो' हा एकच लेख अकरा वेळा पाठवलेला, दरवेळी आणखी सोपा करून. अकराव्याच्या खाली लिहिलं होतं, "आता तरी बरा झालाय का बघ."

तडक तिच्याकडे गेलो. दुकान गेल्या वर्षीच बंद झालंय, हात कापतात तिचे. तिच्यासमोर बसून सगळे लेख साइटवर चढवले.

"सगळे पास?" ती चष्मा पुसत म्हणाली. "मग इतकी वर्षं काय वाईट होतं त्यांच्यात?"

"आत्या, मी पाहिलेच नव्हते गं. एकही नाही."

वाटलं, आता चार शिव्या हासडेल. मला त्या हव्याच होत्या.

"म्हणजे वाईट नव्हते?" तिनं विचारलं.

"मुळीच नव्हते." मी घाईघाईनं लॅपटॉप पुढे ओढला. "तू नुसतं सांग, मी टाइप करतो. राहिलेलं सगळं लिहून काढू."

"नको रे," ती म्हणाली. "आपल्याला लिहिता येत नाही असं धरून मी सोडून दिलं ते. आता आठवतही नाही नीट."