घिवलीला नेलेलं पहिलं ताट

गाडीला वैतरणेची खाडी लागली तशी आईनं मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरला. त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि करंदीचं (बारीक कोळंबीचं) कालवण होतं. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

आमच्या घरात रीत आहे. गेलेल्या माणसासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाला की त्याच्या नावाचं पहिलं ताट बाहेरच्या कुणाला तरी जेवू घालायचं, मगच घरच्यांनी जेवायचं. माझा भाऊ रॉबिन बोईसरच्या एका कारखान्यात भाजून गेला. तेव्हापासून आई दर महिन्याला मिस्सा सांगते आणि ते ताट घिवली गावात, रॉबिनबरोबर कामाला असलेल्या जगनकडे नेते. त्या दिवशी चुकीचा व्हॉल्व्ह जगननं उघडला होता. तो ताटाला शिवत नाही, आणि आई दिवसभर उपाशी राहते.

बोईसरला रिक्षा केली. कारखान्यांच्या पट्ट्यात डोळे चुरचुरू लागले.

"रुमाल बाँध लो मॅडम, हमको तो आदत है," रिक्षावाला म्हणाला आणि खोकला.

एका खड्ड्यात डबा कलंडून माझ्या ओढणीवर तेलाचा डाग पडला. पुढे वाड्या लागल्या, मग वीजकेंद्राचं लांबच लांब कुंपण, आणि एकदम समुद्र. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास सुटला होता.

जगनची बायको सुमन ओट्यावर मासळी निवडत होती. "परत आल्या? मावशी, तुमाला कंटाला येत नाय का?"

"येतो," आई म्हणाली आणि चपला काढल्या.

आत जगन नेहमीसारखा दाराकडे पाठ करून बसला होता, अंगावर चादर. आईनं ताट वाढून त्याच्याजवळ सरकवलं. मला धर्मशिक्षणाच्या वर्गातलं चित्र आठवलं: 'पेशन्स' आणि खाली निळं, शांत तळं. आईच्या कानशिलावरची शीर उडत होती.

"तुमी मला शिव्या का नाय देत?" जगन भिंतीकडे बघत म्हणाला.

"देते की. रोज सकाळी देवासमोर, तुझं नाव घेऊन. देऊन संपल्या की मग चूल पेटवते."

"माज्यापेक्षा कमीच देत असतील," सुमन बाहेरून म्हणाली.

जगन वळला. चादर खाली सरकली. त्याची भाजलेली बोटं तळव्यांत मिटून चिकटली होती. आम्ही ते हात पहिल्यांदाच पाहत होतो.

"सुमन भरवते," तो म्हणाला. "तुमच्यासमोर कसा खाऊ?"

आईनं घास केला आणि त्याच्या तोंडापाशी धरला. कालवण तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळलं. तिनं हात मागे घेतला नाही.

"नाय जमत, मावशी," म्हणत जगननं तोंड फिरवलं.

आईनं घास ताटात ठेवला. हात धुऊन ती म्हणाली, "येते."

फलाटावर तिनं नेहमीप्रमाणे माझ्यासाठी वडापाव घेतला. "तू खा."

गाडीत मी तिच्याकडे पाहत राहिले. त्या तळ्यासारखं तिच्यात काहीच नाही. राग आहे, आणि तो घेऊनच ती दर महिन्याला निघते. देव तिच्यात काही घडवत असेल, तर ते फार सावकाश चाललं आहे, आणि दुखतं आहे.

सफाळ्याच्या पुढे ती म्हणाली, "पुढच्या वेळी भाकरी नको. मऊ भात नेऊ. भरवायला सोपा."

मी वडापाव तसाच पिशवीत ठेवला.