राग आला की धरला: यवतमाळचे दोन दिवस

मे महिन्यात यवतमाळला जाऊ नये. या लेखातला उपयोगी सल्ला एवढाच. पुढचं ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर वाचावं. मी गेले ते बासष्ट सालच्या मेमध्ये, अमरावतीहून, शाळेला सुट्टी लागल्या लागल्या, आणि तेही दादाला चार शब्द सुनवायला.

दादाने चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला आणि आठ दिवसांत मुलाकडच्यांनी माझं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हते. आता तो दूर आसामात कायमचा निघाला होता. ‘जाण्याआधी एकदा ये’ असं त्याचं कार्ड आलं, तेव्हा म्हटलं, चला, त्याचा उतरलेला चेहरा तरी पाहू.

गाडी नेरला थांबते. तिथले आलुबोंडे खाऊ नका, मी खाल्ले. रस्त्यावर डांबर होतं, पण ते त्याच्या मर्जीने. शेजारची बाई सारखी म्हणे, “खिडकी लावा ना बाई, लू येऊन राह्यली.” लावली तर गाडीची भट्टी, उघडली तर तोंड भाजतं. भाडं तीन रुपयांच्या आत होतं, आणि तेवढंही जास्तच वाटलं.

दादा धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकत होता. संध्याकाळी तिथे एका गोऱ्या पाद्रीसाहेबांचं व्याख्यान होतं: पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती साधूंनी माणसाचं मन कसं पाहिलं. हे साधू म्हणे इजिप्तच्या वाळवंटात एकेकटे राहत आणि आपल्या मनात कोण आलं, कोण गेलं यावर दिवसभर पाळत ठेवत. रिकामटेकड्या माणसाला दुसरं सुचणार काय? त्यांचं म्हणणं असं की वाईट विचार दारात येणं हे पाप नव्हे, तो येणारच. त्याला आत घ्यायचं की नाही ही निवड तुमची, आणि पाप तिथून सुरू होतं. साहेबांना मराठी फक्त आदरार्थी येत होती. “क्रोध येतात. त्यांना बसा म्हणू नका!” असं ते कळवळून सांगत होते. मी पदर तोंडाला लावून हसले.

त्या साधूंचा भर दुपारचा एक खास सैतानही होता. तो आला की सूर्य जागचा हलत नसे, खोली नकोशी होई, काम नकोसं होई, आणि दुसरीकडे कुठेही गेलं तर बरं असं वाटे. यवतमाळात एवढं वाटायला सैतान लागत नाही, मे पुरतो.

दादा ही व्याख्यानं साध्या बोलीत उतरवत होता, आणि शब्द लोकांना पटतात का ते गावोगाव विचारत फिरे. दुसऱ्या दिवशी सकाळी राळेगावच्या गाडीने आम्ही एका फाट्यावर उतरलो आणि कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग ओलांडत दोन मैलांवरच्या बंजारा तांड्यात पोचलो. तिथे एका म्हातारीकडे भाकर आणि ठेचा मिळाला. या अख्ख्या प्रवासात धड खाल्लं ते तेवढंच. तिला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत.

दादाने वही उघडली. “याडी, राग येणं हे पाप हाये का?”

“येनं काई माह्या हातात हाये का?” याडी म्हणाली. “देरानं माह्या तुरीत ढोरं सोडले. राग आला. आला थो आला. पन धरला थो तं म्याच धरला ना! दोन वर्स धरला. मंग हात दुखून आला, देला सोडून.”

दादाचा चेहरा उजळला. तो भराभर लिहू लागला.

“आता सुनेचा धरून हावो,” याडी म्हणाली, आणि ठेचा पुढे सरकवला.

मला हसू आलं, पण फार टिकलं नाही. मी मराठी शिकवते. राग येतो आणि राग धरतात, ही दोन्ही क्रियापदं मुलांकडून शेकडो वेळा वाक्यांत वापरून घेतली, आणि त्यांच्यातला फरक तांड्यावरच्या बाईने दाखवावा! मला लाज वाटली आणि लाजेचाही राग आला.

परत येताना फाट्याजवळ दादा म्हणाला, “तुहं लग्न माह्यामुळं मोडलं. मले क्षमा कर. घर सोडू नये असंही वाटे अन् सोडावं असंही. एका माणसात दोन मनं भांडतात, हे त्या जुन्या लोकायनं बरोबर सांगितलं.”

“दोन मनं तुही, अन् मोडलेलं लग्न माहं एकच!” मी म्हणाले. तो मान खाली घालून उभा राहिला. याचसाठी मी आले होते, आणि आता ते बघवेना.

कारण खरी गोष्ट वेगळी होती. लग्न मोडल्यावर सहा महिन्यांनी तेच मुलाकडचे लोक पुन्हा विचारायला आले होते, आणि नको मीच म्हणाले होते. का, तर दादाच्या माथी दोष राहावा म्हणून. तिथे फाट्यावरच त्याला हे सांगता आलं असतं. गाडी आली. सांगायचं राहिलं, असं लिहिणार होते. पण मी सांगितलं नाही, हे खरं वाक्य.

अमरावतीला आल्यावर आठ दिवस मी त्या साधूंची टिंगल करत घरात वावरले. नवव्या दिवशी दादाला सगळं लिहिलं आणि पत्र पेटीत टाकलं. आसामहून उत्तर आलं: “बाबांनी मले तेव्हाच कळवलं होतं.” म्हणजे त्याला सगळं माहीत होतं, आणि तरी माझ्यापुढे मान खाली घालून त्याने क्षमा मागितली होती.

इतका राग मला जन्मात आला नव्हता. आला, एवढं खरं. पुढचं क्रियापद माझ्या हातात होतं, आणि ते ठरवायला मला फार वर्षं लागली.