वहिनीचे खोटे पेशंट

नेरमध्ये माझ्या वहिनीइतकं रक्त कुणीच सांडलं नसेल, आणि त्यातला एक थेंबही खरा नव्हता. यवतमाळला नर्सिंगच्या मुलींना शिकवता शिकवता चाळिशी ओलांडली, तेव्हा तिने सिम्युलेशनमध्ये पदव्युत्तर अभ्यास करायचं मनावर घेतलं. म्हणजे खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी खोट्या पेशंटवर सगळ्या चुका करून घ्यायच्या. कॉलेजात त्यासाठी महागडा पुतळा होता. तो श्वास घ्यायचा, कण्हायचा. घरी आम्ही होतो. दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, चहा पिता पिता दम लागायचा. मला रविवारी झटका यायचा. बिटाच्या रसात आरारूट शिजवून ती रक्त करायची. अंगणातल्या साडीवर ते पाहून दूधवाला एकदा कॅन टाकून पळाला होता. सोंग संपलं की ती सगळ्यांना गोल बसवून विचारायची, काय झालं, काय वाटलं, पुढच्या वेळी काय कराल? चुलत पुतणीच्या लग्नात मांडव उतरायच्या आत तिने हे वरपक्षालाही विचारलं.

तिच्या प्रबंधाचा विषय होता बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. पण कॉलेजातला सराव तिला पटेना. "सर, पुतळ्याले सासू नसते," असं तिने मार्गदर्शकांना तोंडावर सांगितलं. तिचं म्हणणं, गावात नर्सचे हात थांबतात ते भोवतीच्या आरडाओरड्याने. म्हणून बोरी अरबकडच्या एका आरोग्य केंद्रात तिने पुतळ्यासोबत आमच्या आत्यालाही नेलं, सासू म्हणून. आत्या अशी रंगली की पुतळा वाचला तरी तिचं रडणं थांबेना. तिथल्या दोघी नर्सनी त्या गोंगाटात तोच सराव पुन्हा पुन्हा केला.

यंदाच्या हिवाळ्यात त्याच केंद्रात एक बाई बाळंत झाली आणि रक्त थांबेना. सासूने हंबरडा फोडला. धाकट्या नर्सने बाळ त्या सासूच्याच हाती दिलं, आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत एकीने इंजेक्शन, सलाइन पाहिलं, दुसरी पोटावरून गर्भाशय चोळत राहिली. यवतमाळला पोचल्यावर बाई वाचली. बाळही सुखरूप होतं.

नर्सचा फोन आला तेव्हा वहिनी भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने विचारलं, "काय वाटलं तुले?"

"म्याडम, ते सासू तुमच्या आत्याएवढी वरडलीच नाही."

वहिनी आधी हसली. मग फोन तसाच हातात धरून ओट्यापाशी उभ्या उभ्या रडली. दादाने तव्यावरची भाकरी उतरवली. आत्याने तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं की ती बाई तिच्यामुळे वाचली, आणि वहिनीने ते खोडलं नाही.

आता तिला नागपूरला बोलावलंय, इतर शिक्षकांना हे शिकवायला. परवा आम्ही तिला स्टँडवर सोडायला गेलो. सगळ्यांना धीर देणारी बाई, खिडकीपाशी बसल्यावर हळूच म्हणाली, "भाऊजी, जमन नं मले तिकडं?"

"जमनच," मी म्हणालो.

गाडी सुटली. ती वळणापलीकडे गेली तरी दादा हात हलवत उभा होता. मग मीही हलवला.