वादी गैरहजर

माझ्या नाकावर राग असतो, हे लोहाऱ्याच्या कोर्टात लिपिक म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं होतं. सगळ्यात जास्त राग मला महिन्याच्या स्टेटमेंटचा यायचा. किती दावे शिल्लक, किती नवे, किती निकाली, जुने का रेंगाळलेत, हे सगळं रकान्यांत भरून धाराशिवला जिल्हा न्यायालयात पाठवायचं. एक आकडा हुकला की तिकडून फोन. म्हणून आमच्याकडे एक सोपी रीत पडली होती. मागच्या महिन्याचं स्टेटमेंट उघडायचं, महिना बदलायचा, आकडे बदलायचे. शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्याला कुणी हात लावत नसे.

सगळ्यात जुन्या दाव्यांच्या ओळीत आमचा एकच दावा होता. शेरा, 'वादी गैरहजर'. माझ्या आधीच्या लिपिकानं तेच लिहिलं होतं आणि वर्षभर मीही तेच पाठवत होते. त्या दाव्याची फाईल मी कधी बघितलीसुद्धा नव्हती.

त्या महिन्यात धाराशिवहून विचारणा आली. वादी इतके दिवस येतच नसेल तर दावा अजून शिल्लक का? आमचे साहेब नुकतेच बदलून आलेले, कामाला कडक. त्यांनी सकाळीच मला बोलावलं. "फाईल आजच्या आज माझ्यापुढं ठेवा. वादी गैरहजर असेल तर दावा काढून टाकतो, म्हणजे विषयच संपला."

फाईल रॅकवर नव्हती. मी एकेक बस्ता सोडला, वरच्या चिठ्ठ्या वाचल्या, परत बांधला. धूळ नाकातोंडात गेली. आमचे पट्टेवाले काका दारात उभे राहून बघत होते. निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, ती फाईल म्याबी कवा बघितली न्हाय. लई जुनं हाय त्ये."

मी तणतणत पाणी प्यायला बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकड्यावर नेहमीची मावशी बसली होती. दर महिन्याला सकाळच्या एसटीनं यायची, मांडीवर पिशवी घेऊन बसायची आणि मी दिसले की विचारायची. आजही विचारलं, "बाई, माजी तारीख पडली का?"

माझं उत्तर ठरलेलं होतं. आजच्या बोर्डावर नाव नाही, पुढच्या महिन्यात या. ते ओठांवर आलंही होतं. पण सकाळपासून नंबर शोधून डोकं पिकलं होतं, त्यामुळं तोंडातून भलतंच निघालं. "मावशी, तुमच्या दाव्याचा नंबर काय हो?"

तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक पावती काढली. मी नंबर वाचला, परत वाचला. तो तोच दावा होता. मी तिला चेहऱ्यानं ओळखत होते आणि दाव्याला नंबरानं, आणि वर्षभरात दोन्ही एकदाही जुळवलं नव्हतं.

मी तिच्या शेजारीच बसले. "दावा कशाचा?"

"बापाच्या रानातल्या माज्या वाटणीचा. भावावर घातलाय. त्यानंबी माज्यावर एक घातला व्हता, रानात पाय ठिवू नगंस म्हणून. पर त्यानं त्यो मागं घेतला, तवापास्नं मला कुणी पुकारलंच न्हाय."

लख्ख प्रकाश पडला डोक्यात. दोघा भावंडांचे दोन दावे, म्हणजे आमच्या रितीप्रमाणं दोन्ही फायली एकाच नाडीत बांधलेल्या असणार, एकत्र चालवायला. वर भावाची, खाली बहिणीची. भावाचा दावा संपला आणि वरचा नंबर बघून कुणीतरी अख्खं बाड निकाली दावे ठेवतात त्या रेकॉर्ड रूममध्ये नेऊन टाकलं असणार.

"काका, रेकॉर्ड रूमची चावी!" मी एवढ्या जोरात ओरडले की दोन वकील वळून बघायला लागले. मला लाज वाटली नाही. मी अक्षरशः पळत होते. काकांनी मावशीला भावाच्या दाव्याचं साल विचारलं, शिडी लावली आणि वरच्या फळीवरून एक जाडजूड बाड खाली दिलं. नाडीची गाठ सुटता सुटेना. शेवटी काकांनी ती दातांनी सोडवली. भावाची फाईल बाजूला केली. खालची बहिणीची. शेवटच्या पानावर निकाल नव्हता, म्हणजे दावा अजून जिवंत होता. मला हसू आवरेना.

दुपारी साहेबांपुढं फाईल ठेवली आणि काकांनी पुकारा केला. मावशी पदर सावरत आत आली.

साहेबांनी स्टेटमेंटकडं बघितलं, मग तिच्याकडं. "इतके दिवस कुठं होतात तुम्ही?"

"हितंच की साहेब. भाईर बाकड्यावर."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली. मग त्यांनी फाईलमध्ये लिहिलं, वादी हजर, आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

मी तारखेची चिठ्ठी घेऊन मावशीच्या मागोमाग बाहेर गेले. तिला खरं सांगायचं होतं, नाहीतर माझ्या घशाखाली डबा उतरला नसता. "मावशी, आमच्या कागदावर दर महिन्याला तुम्ही गैरहजर होतात. मीच लिहीत होते."

ती माझ्याकडं वळली. "आन दर बारीला 'पुढच्या म्हयन्यात या' म्हणणारीबी तूच की गं." पहिल्यांदाच ती मला अगं-तुगं बोलली. मग तिनं चिठ्ठी पावतीसोबत नीट गुंडाळली आणि एसटीसाठी निघाली.

संध्याकाळी स्टेटमेंट पाठवलं. शेऱ्याचा रकाना मी पहिल्यांदाच स्वतः टाईप केला. अर्ध्या तासात धाराशिवहून फोन. "अहो मॅडम, त्या जुन्या दाव्यात इतके महिने 'गैरहजर' होतं, आता एकदम 'हजर' कसं? शेरा चुकलाय का?"

"नाही," मी म्हणाले, "आधीचे सगळे चुकलेत."